गांजलेली अंबाडी

राजन धुमाळांना एक खोड होती. कुठलीही गोष्ट बिघडली की ती दुरुस्त करण्याआधी ती का बिघडली हे त्यांना कळायलाच हवं असायचं. बहारीनमध्ये हिद्दच्या एका रंगाच्या कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोल बघत, आणि तिथे या खोडीचा त्यांना पगार मिळे. घरी मिळत नसे. मिक्सर बंद पडला की त्यांच्या बायकोला, अश्विनीवहिनींना, चटणी हवी असायची आणि धुमाळांना मूळ कारण. मग चटणी शेजारून वाटून यायची आणि मिक्सर आतडी बाहेर काढून महिनाभर जेवणाच्या टेबलावर पडलेला असायचा.

तर अशा माणसाच्या बाल्कनीत अंबाडी लागली.

अंबाडी म्हणजे आपली भाजीची, लसणाची फोडणी देऊन भाकरीबरोबर खातात ती. बहारीनच्या बाजारात मेथी मिळते, शेपू मिळतो, आंध्रवाल्यांचा लाल देठाचा गोंगुराही मिळतो. पण धुमाळांच्या आई, रखमाबाई, यांच्या मते गोंगुरा ही अंबाडी नव्हेच. रखमाबाई माण तालुक्यात गावाकडे राहतात. त्यांच्याकडची अंबाडी त्यांच्या सासूकडून आलेली, हिरव्या देठाची, हाताच्या पंजासारख्या पानाची. गेल्या वर्षी पाऊस हटेना, तेव्हा ती उभ्याउभ्या कुजली आणि चिमूटभर बीसुद्धा हाती लागलं नाही. जे काही शिल्लक होतं ते धुमाळांच्या मनाम्यातल्या फ्लॅटमध्ये, मोहरीच्या डब्यामागे, एका पुरचुंडीत.

"राज्या, पेर ते," रखमाबाई फोनवर म्हणाल्या. "पर भाजी करून खाऊ नगंस. फूल धरू दे, बोंडं वाळू दे, आन सुट्टीला येशील तवा बी घिऊन ये. सासूनं दिलेलं बी माझ्या हातनं मोडलं आसं नगं व्हायला."

आता आईनं एवढं म्हटल्यावर कोण हयगय करील? धुमाळांनी तीन मोठ्या कुंड्या आणल्या, सावलीच्या बाल्कनीत ठेवल्या आणि बी पेरलं. भर उन्हाळ्यात अंबाडी तरारून वर आली. ऑक्टोबर लागेपर्यंत ती धुमाळांच्या डोक्याला लागली, आणि पानांच्या बेचक्यांतून बारीक बारीक कळ्या डोकावायला लागल्या.

इथेच थांबायला हवं होतं. पण झाड वाढलं की सल्लेही वाढतात. खालच्या मजल्यावरचा विनीत, पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, म्हणाला की फुलोऱ्यात झाडाला ताकद लागते. त्यानं विलायती खताची निळी पूड दिली. वरच्या मजल्यावर शरीफुन्निसाबाजी राहतात, मूळच्या लखनौच्या, आयुष्यभर शाळेत शिकवून आता मुलाकडे आलेल्या. त्यांनी अंड्यांच्या टरफलांचा भुगा पाठवला. हारिस अन्सारनं, म्हणजे बिल्डिंगच्या रखवालदारानं, कुठूनशी कोंबडीखताची पिशवी आणली. अश्विनीवहिनी न विचारता तांदळाचं धुवण ओतत होत्या, आणि धुमाळ स्वतः कारखान्यातून येता येता नर्सरीत थांबून दर वेळी एक नवी बाटली आणत होते, कारण बाटलीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे आणि वाचल्यावर घेतल्याशिवाय राहवत नसे. यांतल्या कुणालाही इतरांनी काय घातलंय याचा पत्ता नव्हता. घरी आलेल्या जावयाला प्रत्येक आत्या-मावशीनं आपापली पुरणपोळी वाढावी तसा प्रकार झाला.

आठवडाभरात पानं काळपट हिरवी झाली आणि नखं वळावीत तशी खाली वळली. टोकं करपली. कुंडीच्या काठावर पांढरं मिठासारखं काहीतरी साचलं. आणि कळ्या पिवळ्या पडून टपाटप गळायला लागल्या. रोज सकाळी धुमाळ फरशीवरच्या कळ्या वेचत आणि त्यांचा चेहरा उतरे.

व्हिडिओवर झाड बघून रखमाबाईंनी निदान केलं, "नजर लागली. दिष्ट काढ." अश्विनीवहिनींनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. ओवाळलेलं मीठ चुलीत टाकायचं असतं. इथे इलेक्ट्रिकची शेगडी. त्यांनी ते क्षणभर कुंडीत ठेवलं आणि विसरल्या. धुमाळांना ते दुसऱ्या दिवशी दिसलं, तोवर वहिनींनी वरून पाणीही घातलं होतं.

"अहो, आधीच पांढरं साचलं होतं, मला वाटलं तेच," वहिनी म्हणाल्या.

धुमाळ रागावले नाहीत. उलट त्यांच्या डोळ्यांत चमक आली. पांढरं साचलंय, म्हणजे क्षार. क्षार म्हणजे मोजता येण्यासारखी गोष्ट. पिण्याच्या पाण्यासाठी घेतलेला टीडीएस मीटर त्यांनी कपाटातून काढला आणि कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात बुडवला. क्षार इतके की मीटरनं आकडा दाखवायचंच नाकारलं. धुमाळ इतके खूश झाले की त्यांनी तिन्ही ताटल्यांत तो बुडवून पाहिला. झाड उपाशी नव्हतं, अजीर्णानं मरत होतं. अति तिथे माती म्हणतात. इथे मातीतच अति झालं होतं.

निदान झालं. उपाय काय? धुमाळांनी इंटरनेटवर विचारलं: फुलोऱ्यात आलेल्या, पंजासारख्या पानांच्या झाडाला खत जास्त झालं तर काय करावं? आणि काय सांगावं, एक अख्खं चर्चापीठच सापडलं. देशोदेशीचे लोक नेमक्या याच दुखण्यावर बोलत होते. पान टोकाला करपलं तर काय, खाली वळलं तर काय, कळीच्या वेळी कुठलं खत कमी करायचं, सगळं फोटोंसकट. आणि पानं तर हुबेहूब अंबाडीचीच. जगात एवढे लोक अंबाडी लावतात आणि मनाम्याच्या बाजारात एक जुडी मिळू नये, या गोष्टीचं धुमाळांना फार नवल वाटलं. त्यांनी खातं उघडलं, आपल्या तिन्ही कुंड्यांचे फोटो टाकले आणि नम्रपणे मार्गदर्शन मागितलं.

उत्तर आलं तेव्हा धुमाळ अंघोळीला गेले होते आणि फोन वहिनींच्या हातात होता. ते बाहेर आले तर वहिनी कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"या लेडीज कोण?"

"कुठल्या लेडीज?"

"'ब्युटिफुल लेडीज, ब्रदर.' कुणी ग्रीन अंकल म्हणून आहे. 'खायला घालणं थांबव,' म्हणतोय. तीन आहेत म्हणे तुमच्याकडे."

धुमाळांनी वाचलं. ग्रीन अंकलांनी लिहिलं होतं की खत ताबडतोब बंद करावं, कुंडीत मावेल त्याच्या तिप्पट साधं पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढावेत, ताटलीत पाणी साचू देऊ नये, मग माती वाळेपर्यंत हात लावू नये. आणि शेवटी विचारलं होतं, फुलोऱ्याचा कितवा आठवडा? झाडाला बाई म्हणण्याची पद्धत धुमाळांना आवडली. वहिनींना आवडली नाही.

तेवढ्यात त्यांची मुलगी सावनी तिथून चालली होती. ती अकरावीत, मराठी कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत. तिनं फोनकडे एक नजर टाकली.

"पप्पा, धिस इज अ वीड फोरम."

"वीड म्हणजे तण," धुमाळ म्हणाले. "अंबाडी तण नाही बाळा, भाजी आहे."

"नॉट तण, पप्पा. वीड. ॲज इन वीड." मग वडिलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना तेव्हा तिनं आयुष्यात प्रथमच आपणहून मराठीचा आधार घेतला. "गांजा."

धुमाळ सोफ्यावर बसले. मग उठले आणि आधी खातं पुसलं, मग फोटो पुसले, मग फोनच बंद करून उशीखाली ठेवला. बहारीनसारख्या देशात राहून, रेसिडेंट कार्डावर नाव असलेल्या माणसानं आपल्या बाल्कनीचे फोटो गांजावाल्यांना पाठवले होते. मनात आलं, झाडं उपटून टाकावीत. पण मग बी? आई काय म्हणेल? आणि खरं सांगायचं तर अजून एक विचार त्यांना सोडेना: मीटर आणि ग्रीन अंकल दोघं एकच सांगतायत. सांगणारा कसाही असो, सांगणं बरोबर होतं.

तर क्षार धुवायचे ठरले. पण कशानं? नळाच्या पाण्यात मीटर घातला तर तिथेही क्षार भरपूर. धुमाळ विचार करत बसले असता एसीच्या नळीतून थेंब पडला. त्यांनी त्यात मीटर धरला. जवळजवळ शून्य. हवेतून निथळलेलं पाणी, त्यात क्षार येणार कुठून?

त्या दिवसापासून धुमाळांच्या घरात सगळे एसी अठरावर चालू झाले. जितकं गार तितकं पाणी. बाहेर लोक घामानं भिजतायत आणि आत वहिनी माहेरहून आणलेली शाल गुंडाळून पोळ्या लाटतायत. सावनी कानटोपी घालून अभ्यासाला बसे. तिघांनाही सर्दी झाली, डोळे लाल झाले. पाणी मात्र पुरेना. तेव्हा धुमाळांनी शेजाऱ्यांच्या एसीच्या नळ्यांखाली बादल्या लावल्या आणि विनीतला एक व्हॉइस मेसेज पाठवला.

"विनीत, अरे झाडं पार गांजलीयत. गांजलीयत म्हणजे अगदीच गांजलीयत. चोवीस तास एसी लावून पाणी काढतोय. तुझ्याकडचं पण दे. आणि कुणाला बोलू नकोस, लोकांना वाटेल मला वेड लागलं."

गांजणं म्हणजे छळणं, जिकिरीला आणणं. सासूनं सुनेला गांजलं, उन्हानं जनावर गांजलं, असं आपण रोज बोलतो. धुमाळांच्या आईच्या तोंडी तर हा शब्द मिठासारखा. विनीतला तो बरोबर कळला असता, मेसेज विनीतला गेला असता तर. तो गेला बिल्डिंगच्या ग्रुपवर, जिथे धुमाळ आणि विनीत सोडून मराठी कुणाला येत नव्हतं. बाकीच्यांना त्यातले मोजके शब्द कळले: झाडं, गांजा, गांजा, एसी, पाणी.

संध्याकाळी शरीफुन्निसाबाजी खिरीचा डबा घेऊन आल्या. दार सावनीनं उघडलं, कानटोपीत. आत वहिनी शालीत. धुमाळ शिंकत पुढे आले. बाजींनी तिघांचे लाल डोळे पाहिले आणि डबा छातीशी धरला.

"राजन भाई, मैं किसी से कुछ नहीं कहूँगी. मगर घर में बच्ची है."

"किस बारे में, बाजी?"

"मेरे एक मामूज़ाद भाई थे. उन्होंने भी शुरू में यही कहा था कि बस पौधे पाल रहे हैं."

धुमाळांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. त्यांनी ग्रुप उघडून स्वतःचा आवाज ऐकला आणि त्यांचे कान तापले, एसी अठरावर असूनही. "बाजी, मराठी में गांजना मतलब परेशान होना."

"परेशान कौन नहीं होता, भाई," बाजी मायेनं म्हणाल्या. "लेकिन ये रास्ता नहीं है."

"मैं नहीं, बाजी. पौधा परेशान है."

बाजींनी वहिनींकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी कणव होती की वहिनींना उगीचच रडू आलं, आणि त्यामुळे बाजींची खात्रीच पटली. जाताना त्यांनी बाल्कनीत डोकावून पान पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत वर गेल्या. पंधरा वर्षं या बिल्डिंगमध्ये गणपतीचा प्रसाद आणि ईदच्या शेवया यांची देवाणघेवाण करून मिळवलेलं नाव एका क्रियापदापायी गेलं, याचं धुमाळांना फार लागलं. त्यांनी खीरही खाल्ली नाही. नंतर खाल्ली, पण चव लागली नाही.

बाजी कुणाला बोलल्या नाहीत, पण ग्रुपवर बाजी एकट्याच होत्या थोड्याच? विनीतनं तिथे शब्दाचा अर्थ सांगितला, पण तो दोस्ताला सांभाळून घेतोय असंच सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर घरमालक अबू यूसुफ स्वतः आले. पांढरी दाढी, हळू बोलणं. वर्षानुवर्षं हिंदुस्थानी भाडेकरू ठेवून ठेवून त्यांना कामापुरती हिंदी येऊ लागली होती. त्यांनी पानाला हात न लावता ते बराच वेळ पाहिलं.

"राजन, ये क्या है?"

"भाजी है, अरबाब. माँ का बीज है."

"भाजी में फूल किधर?"

"आएगा. थोड़ा खाना ज़्यादा हो गया था इसको."

अबू यूसुफनी सुस्कारा सोडला. "मैं तुमको जानता. लेकिन दूसरा लोग मेरे को पूछता. पत्ता गांजा का माफिक, फूल से मालूम पड़ेगा. देखो, जुमा को मैं आएगा, इसी टाइम. फूल आया, दिखाओ, सब ठीक. नहीं आया तो पौधा मफी. खलास."

आता काय ते एका फुलावर आलं. रखमाबाईंचं बीही त्याच फुलात, आणि धुमाळांची अब्रूही.

धुमाळांनी एसीचं पाणी तिन्ही कुंड्यांतून थेंबाथेंबानं जिरवलं. ताटलीतलं पाणी फेकलं, मोजलं, पुन्हा जिरवलं. मीटर आधी आकडा दाखवायला लागला, मग तो आकडा उतरत गेला. वहिनींच्या तांदळाच्या धुवणावर बंदी आली, आणि अन्सारनं आणलेली पिशवी गच्चीवर हद्दपार झाली. मग मातीला हात न लावता नुसतं बघत बसायचं होतं, आणि हेच धुमाळांना सर्वांत जड गेलं. दोन झाडांच्या सगळ्या कळ्या गळल्या होत्या. तिसऱ्यावर एकच टिकली. धुमाळ तिच्याकडे बघत, मग घड्याळाकडे बघत, मग पुन्हा तिच्याकडे. नवं पान मात्र सरळ, हिरवंगार आलं, टोकाला अजिबात न करपलेलं. ते पाहून ऑफिसला जाताना धुमाळ शीळ घालत गेले.

शुक्रवारी उजाडता उजाडता वहिनींनी हाक मारली. कळी उमलली होती. सायीच्या रंगाचं मोठं फूल, आणि घशाशी गडद लाल. धुमाळांनी आईला व्हिडिओ लावला. रखमाबाईंनी डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाय, ह्येच हाय. आता जप बरं. दुपारच्याला मिटतंय ते."

धुमाळांनी घड्याळ पाहिलं. अबू यूसुफ येणार दुपारच्या नमाजानंतर. तोवर फूल मिटून लोंबणार, आणि मिटलेलं अंबाडीचं फूल कुणाला काय पटवणार? त्यांनी फोन लावला, बंद. खाली अन्सारला विचारलं.

"अरबाब जुमा को बुदैया में, अपने फार्म पे. फोन बंद रखता."

"फोटो काढून ठेवा," वहिनी म्हणाल्या.

"इंटरनेटवरून घेतला म्हणतील. मीही तेच म्हटलं असतं."

"मग तोडून न्या की फूल."

तोडलं तर धुमाळ सुटले, पण बी मोडलं. धुमाळांनी कात्री उचलली. मग ती परत ड्रॉवरमध्ये ठेवली.

"सावनी, गाडीची किल्ली आण," ते म्हणाले. "झाडच नेऊ."

कुंडी मागच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला. शेंडा मावेना, तेव्हा तो काचेतून बाहेर काढला. एका बाजूला वहिनी खोड धरून, पुढे सावनी उलटी वळून फुलाखाली हात धरून, गळालंच तर झेलायला. खिडकीबाहेर पंजासारखी पानं वाऱ्यावर डोलत होती. गाडी बुदैया हायवेला लागली आणि धुमाळ वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला हळू आवाजात विनंती करत चालले.

सिग्नलला शेजारी ट्रॅफिक पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली.

"पप्पा, डोंट लुक," सावनी म्हणाली.

धुमाळांनी पाहिलंच. पोलीसही पाहत होता: आधी पानांकडे, मग शालीतल्या वहिनींकडे, मग धुमाळांच्या लाल डोळ्यांकडे, मग पुन्हा पानांकडे. त्यानं काच खाली केली. धुमाळांनीही केली, आणि पंधरा वर्षांत शिकलेलं सगळं अरबी त्यांच्या डोक्यातून निघून गेलं. हे आईचं, असं सांगायला ते फुलाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "मामा. माय मामा."

पोलिसानं फूल पाहिलं. मग तो हसला आणि समोर बोट दाखवलं. सिग्नल केव्हाचा हिरवा झाला होता. "यल्ला," तो म्हणाला.

अबू यूसुफ खजुरांच्या सावलीत चहा पीत बसले होते. गाडीतून आधी झाड उतरलं, मग वहिनी, मग फुलाखाली हात धरलेली सावनी. म्हातारा उठून जवळ आला. त्यानं फुलाच्या घशातला लाल रंग पाहिला आणि मोठ्यानं हसला.

"ये तो कर्कदे का भाई है! मेरा बीवी उसका लाल फूल का शरबत बनाती. राजन, पहले बोलना था न."

पहिल्या दिवसापासून आपण दुसरं काय बोलतोय, असं धुमाळांच्या ओठावर आलं. पण फूल अजून उघडं होतं आणि परत न्यायचं होतं, म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली. अबू यूसुफनी तिथल्या तिथे बिल्डिंगच्या ग्रुपवर फुलाचा फोटो टाकून खाली लिहिलं: भाजी. मग निघताना प्रेमानं शेळीच्या लेंड्यांचं पोतं गाडीच्या डिकीत ठेववलं. "अच्छा खाद है. खूब डालना."

संध्याकाळी बाजी पुन्हा खीर घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "माफ़ कीजिए, भाई. उर्दू में ये लफ़्ज़ बदनाम है." धुमाळ रुसायचं म्हणून थोडा वेळ रुसले. पण मग, त्या मामेभावाचं पुढे काय झालं, हे त्यांना विचारल्याशिवाय राहवेना. पोतं गच्चीवर कोंबडीखताशेजारी गेलं.

फूल गळलं, पण देठ राहिला. त्याला केसाळ बोंड धरलं, फुगलं, तपकिरी झालं. मागून आणखी काही फुलं आली. डिसेंबरात धुमाळ गावी पोचले आणि दारातच त्यांनी पुरचुंडी आईच्या हातात दिली. रखमाबाईंनी गाठ सोडली, एक बी दाताखाली धरून फोडलं, मान हलवली, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

"बी ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. मग लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. सगळी हकिगत त्यांना सुनेकडून कळली होती. गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "लई गांजलं रं माझ्या लेकराला तितल्या लोकांनी. लई गांजलं."

धुमाळांनी दचकून वर पाहिलं. वर बाजींची खिडकी नव्हती, नुसतं मोकळं आभाळ होतं.

"व्हय, आई," ते म्हणाले, आणि किती दिवसांनी तो शब्द मनसोक्त बोलले. "लई गांजलं."